नदी कुठे कापायची?

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "ताई, तुमच्या व्यवसायातल्या गोड आठवणी लिहा. दिवाळी अंक आहे, वाचकांना बरं वाटलं पाहिजे." मी हो म्हटलं आणि आठवायला बसले, तर एकामागून एक भांडणंच आठवली. तेव्हा ज्यांना बरं वाटून घ्यायचंय त्यांनी पुढची पानं उलटून चकलीची कृती वाचावी. मी माझा राग लिहिते.

मी मॉडेलं करायचे. हे वाक्य नीट समजावून सांगताना माझ्या लग्नाच्या वेळी आईला घाम फुटला होता. मॉडेल म्हणजे डोंगर, दरी, धरण, वसाहत, जे काय असेल ते टेबलावर मावेल एवढं लहान करायचं. नाशिकमध्येच, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझी पत्र्याची शेड आहे. शेजारी एकीकडे लेथ मशीन, दुसरीकडे पावडर कोटिंग, आणि मध्ये मी सह्याद्री करत बसलेली.

काम कसं चालतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नकाशावर एकाच उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा असतात. शाळेत त्यांना समोच्च रेषा म्हणतात आणि परीक्षा झाली की सगळे विसरतात. आम्ही एकेका रेषेच्या आकाराची पातळ प्लाय कापतो आणि एकावर एक चिकटवतो. डोंगराचा जिना तयार होतो. त्या पायऱ्या कागदाच्या लगद्याने भरायच्या, वरून प्लास्टरचा हात द्यायचा, घासायचं, रंगवायचं. झाडांसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी चुरून हिरव्या रंगात बुडवायची. यात एक खोटं करावंच लागतं. खऱ्या मापाने सह्याद्री केला तर तो पोळीवरच्या फुग्याएवढाही उठत नाही, म्हणून उंची वाढवून दाखवतात. ते मी प्रत्येक मॉडेलच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे. एवढं एक खोटं आमच्या धंद्याला माफ आहे. माझी सगळी भांडणं बाकीच्या खोट्यांवरून झाली.

नाशिक वाढायला लागलं तसे बिल्डर यायला लागले. एकाने चहाचा कप हातात ठेवूनच विचारलं, "मॅडम, नदी थोडी इकडे सरकवता येईल का? गॅलरीतून दिसायला पाहिजे."

"ती आहे तिथेच दिसेल," मी म्हटलं.

"तिथे ती मागच्या बाजूला जाते, संडासाच्या खिडक्यांकडे."

"मग खिडक्या फिरवा."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग त्याने आणखी एक नाला दाखवला आणि त्या जागी लॉन करून द्यायला सांगितलं. मी म्हटलं, पावसाळ्यात पाणी येईल तेव्हा त्याला काय सांगणार, इथे लॉन आहे, पलीकडून जा? तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, मॉडेलमध्ये कुठे पाऊस पडतो?" ते काम मी घेतलं नाही. दुसऱ्याने केलं. लॉन छान झालं होतं म्हणे.

सगळेच असे नव्हते. नामपूरचे एक बाबा आले होते. मुलाच्या फ्लॅटवर राहायला आणलेले, त्यामुळे सदा चिडलेले. त्यांना त्यांच्या मोसम नदीचं खोरं करून हवं होतं, दिवाणखान्यात ठेवायला. काम झालं तेव्हा मी सवयीने म्हटलं, रंग ओला आहे, हात लावू नका. त्यांनी ऐकलं नाही. बोटाने नदीच्या कडेकडेने चालत गेले आणि एका जागी थांबले. "आठे मन्ही विहीर शे," म्हणाले, इथे माझी विहीर आहे, असं अहिराणीत. बोट हिरवं झालं होतं. मग शेडमधलं गोदाकाठच्या एका तालुक्याचं मोठं मॉडेल दाखवून मला विचारलं, "तुमनी गोदावरी मन्हा गावले का बरं नई शे?" मी सांगितलं की बाबा, मधल्या डोंगररांगेने पाणी वाटलंय. तुमची मोसम गिरणेला मिळते, गिरणा तापीला, आणि ते पाणी सुरतेकडे जातं. नाशिक जिल्ह्यातलं अर्धं पाणी पश्चिमेच्या समुद्राला आणि अर्धं थेट पूर्वेच्या. त्यांना ते आवडलं नाही. पण एक गोष्ट मी त्यांच्याकडून घेतली. त्या दिवसापासून माझ्या कुठल्याच मॉडेलवर 'हात लावू नये' ही पाटी लागली नाही. बघायला नकाशा आहेच. उठाव असतो तो बोटांसाठी.

आता मुख्य गोष्ट.

सिंहस्थाची तयारी सुरू झाली तशी शहरातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी घाटाजवळ एक दालन उभारायचं ठरवलं. यात्रेकरूंना नदीची ओळख व्हावी म्हणून. मध्यभागी संपूर्ण गोदावरी खोऱ्याचं मॉडेल, त्र्यंबकपासून समुद्रापर्यंत, आणि त्यातून खरं पाणी वाहणार. समितीचे प्रमुख आप्पा. बँकेतून निवृत्त झालेले, स्वच्छ पांढरा सदरा, बोलणं हळू. लहानपणापासून एक दिवस न चुकता सकाळी नदीवर जाणारा माणूस. नाशिकचा जुना माणूस तिला गोदावरी म्हणत नाही. तो गंगेवर जातो, गंगेवरून येतो. आप्पाही तसेच. ते मला म्हणाले, "ताई, गंगा अशी करा की लोकांचे हात आपोआप जुळले पाहिजेत."

मला हे काम हवं होतं. आयुष्यभर तुकडे केले होते, कुठे एक धरण, कुठे एक तालुका. अख्खं खोरं कधीच केलं नव्हतं. महाराष्ट्र, तेलंगण, छत्तीसगड, ओडिशा, आंध्र, कडेला मध्य प्रदेश आणि कर्नाटकाचा कोपरा, हे सगळं एका टेबलावर. मी हो म्हटलं तेव्हा मला कामगारांपैकी पहिला मल्लेश आठवला.

मल्लेश माझ्याकडे रंगकाम आणि घासकाम करायचा. गाव सिरोंच्याकडचं, गडचिरोली जिल्ह्याच्या पार टोकाचं, जिथे प्राणहिता नदी गोदावरीला मिळते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. खालच्या अंगाला कुठेतरी पाणी अडवलं, त्याचा फुगवटा मागे सरकत यांच्या शेतात आला आणि परत गेलाच नाही. मिरचीची जमीन होती ती दलदल झाली. मल्लेश कामाच्या शोधात निघाला तो अंबडला पोचला. मागून आईलाही घेऊन आला. तिचे डोळे काचबिंदूने गेले होते.

आई आली त्याच आठवड्यात तो तिला रामकुंडावर घेऊन गेला होता. गोदावरी म्हणजे गोदावरी (त्यांच्या तोंडी गोदारी), तिला बरं वाटेल असं त्याला वाटलं. म्हातारीने पाण्यात पाय टाकला, तळव्याने खाली चाचपलं आणि म्हणाली, "खाली सिमेंट आहे. ही गोदारी नाई, मोरी आहे." तेव्हापासून ती परत गेली नाही. हे मल्लेशने सांगितलं तेव्हा शेडमधले सगळे हसले होते, मीही. तो हसला नव्हता.

मॉडेलचं काम ऐकल्यावर तो मला म्हणाला, "मॅडम, आमच्याकडचा भाग मी करतो. अम्माला सांगितलं मी, गाव दाखवतो म्हणून. तिला तिकडं तर नेऊन होत नाई आता. हातानं दाखवतो."

आता ते गाव फुगवट्याच्या कडेला अर्धं उठलेलं होतं, आणि ती परत जाणार नव्हती हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तिला गाव भेटायचं ते माझ्या टेबलावरच.

खोरं करताना कळतं की नदी किती तऱ्हेवाईक असते. अरबी समुद्र डोंगराच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर असताना ही त्र्यंबकला पूर्वेकडे तोंड करते आणि अख्खं दख्खन ओलांडून जाते. माणसांनी मात्र तिच्या उलट चाल केली. पैठणच्या राजांच्या काळात माल याच काठाने वर यायचा, नाशिकवरून घाट उतरून पश्चिमेच्या बंदरांना लागायचा. आपल्या लेण्यांच्या भिंतींवर दान देणाऱ्या त्या व्यापाऱ्यांची नावं आहेत. नांदेडच्या पुढे काळा कातळ संपतो, डोंगरांचे सपाट माथे जातात, टेकड्या गोल होतात. तिथून पुढे माझा हात चालेना, कारण मी जन्मभर सपाट माथेच केलेले. तो भाग मल्लेशने केला. पुढे जंगल, मग पापी टेकड्यांमधली अरुंद घळ, आणि त्यातून सुटल्यावर राजमहेंद्रीच्या खाली हाताची बोटं पसरावीत तसा त्रिभुज प्रदेश.

या मापात गाव दिसत नाही. मी फक्त मोठ्या ठिकाणांना टाचणीचं डोकं लावायचं ठरवलं होतं. एकदा सिरोंच्याच्या वरच्या बाजूला हात फिरवताना काहीतरी बारीक लागलं. मोहरीचा दाणा होता. मल्लेशने चिकटवून वर वॉर्निश मारलं होतं. मी तो तसाच राहू दिला. उंची वाढवण्याचं खोटं चालतं, तर एका गावाची रुंदी वाढवण्याचं का नाही?

पाण्यासाठी मी सलाईनच्या नळ्या वापरल्या. प्रत्येक उपनदीच्या उगमाला एक नळी, तिच्यावरचं ते छोटं चाक फिरवून धार कमी-जास्त करता येते. किती धार सोडायची हे माझ्या मनाने नाही ठरवलं. पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या अभियंत्याला बसवलं आणि त्याच्याकडून चाकं लावून घेतली.

मग समिती बघायला आली. पेढे आणले होते. नारळ फोडला. मी पंप सुरू केला.

आप्पा त्र्यंबकच्या बाजूला हात जोडून उभे होते. बराच वेळ उभे होते. मग त्यांनी विचारलं, "ताई, पाणी कधी सुरू होणार?"

"सुरू झालंय."

ते वाकले. चष्मा पुसून परत लावला. "हे? नळ गळतोय असं वाटतंय."

खरंच तसं दिसत होतं. नाशिकपासून पैठणपर्यंत दोऱ्याएवढी ओल. आणि टेबलाच्या त्या टोकाला, सिरोंच्यापासून पुढे, पाणी खळखळत होतं.

मी समजावून सांगितलं. आपला भाग डोंगराच्या सावलीत आहे. त्र्यंबक-इगतपुरीला कोसळतो तो पाऊस थोडं पुढे गेलं की आटतो. जे काय येतं ते आपण धरणांत धरतो. खाली सोडायची वेळ आली की नाशिक रस्त्यावर उतरतं आणि नाही सोडलं की मराठवाडा उतरतो. तिकडे मात्र वर्धा, वैनगंगा, पैनगंगा एक होऊन प्राणहिता येते. तिच्यापुढे ओडिशातून निघून बस्तरमधून इंद्रावती येते, मग शबरी. समुद्राला मिळतं ते बहुतेक त्यांचं पाणी. "नाव आपलं आहे, आप्पा," मी म्हटलं. "पाणी त्यांचं आहे."

समितीतल्या एकाने पेढ्याचा बॉक्स मिटला.

आप्पा म्हणाले, "हे असं लोकांना नाही दाखवता येणार. या दोन-तीन नळ्या बंद करा. आणि आपली मोठी करा."

"नदी खोटी होईल."

"उंची खोटी चालते ना तुम्हाला? कोपऱ्यात लिहिलंय तुम्हीच."

हा माणूस हुशार होता, आणि त्याचा मला जास्त राग आला. मी म्हटलं, "मग हेही लिहू का कोपऱ्यात, की पाणी वाढवून दाखवलं आहे?" शिवाय नाशिकच्या खालचा पट्टा मी मळकट हिरवा रंगवला होता, पाणवेलीचा जो रंग असतो तसा. तोही निळा करा म्हणाले. मी नाही म्हटलं. पेढे तसेच परत गेले.

काही आठवड्यांनी समिती पुन्हा आली. या वेळी मापाची टेप घेऊन. दालनाला आपत्कालीन दरवाजा सोडावा लागणार होता, त्यामुळे टेबल बसत नव्हतं. नियम खरा होता, दरवाजाही खरा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी म्हटलं, मी सगळंच लहान मापात पुन्हा करून देते, फुकट देते. त्याला वेळ नव्हता. आप्पा म्हणाले, "पुढचा भाग कमी करू. महाराष्ट्रापुरतं ठेवू. कंदकुर्तीपाशी नदी बाहेर जाते ना? तिथे कापू."

मल्लेश हातात घासकागद घेऊन उभा होता. तो सहसा अशा वेळी बोलत नाही. म्हणाला, "साहेब, सिरोंचा महाराष्ट्रातच आहे ना. गोदावरी बाहेर जाऊन परत येते आमच्याकडं."

"हो का?" आप्पा म्हणाले. ते खरोखर त्या टोकाला गेले, वाकून पाहिलं, सीमेची लाल रेघ बोटाने धरली. "अरे, हे मला माहीतच नव्हतं." त्यांच्या आवाजात नवल होतं, अगदी खरं. मला क्षणभर वाटलं, जमलं. मग ते सरळ झाले. "पण मधला भाग नसला तर ते तुटक दिसेल. कंदकुर्तीच बरं. आणि तिकडची माणसं एवढ्या लांब कुठे येणार आहेत?"

इथे माझा आवाज चढला, तो शेजारच्या लेथपर्यंत गेला असेल. त्र्यंबकच्या पार्किंगमध्ये बसगाड्यांच्या पाट्या कधी वाचल्यात का, मी विचारलं. निम्म्या तेलुगूत असतात. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा तुमचा सिंहस्थ, आणि त्याच गुरूचं, त्याच नदीचं तिकडे राजमहेंद्रीला पुष्करम, म्हणजे त्यांचा कुंभ. तीच माणसं उगमाचं पाणी डोक्याला लावायला इथे येतात. तुम्ही गेलात कधी नदी कुठे जाते ते बघायला?

आप्पा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ताई, मी जन्मभर रोज गंगेवर जातो. आईवडिलांच्या अस्थी माझ्या हाताने सोडल्यात तिच्यात. तुम्ही मला सांगताय ती नळाच्या धारेएवढी आहे?"

मी म्हटलं, "ज्या बाजूला त्या अस्थी वाहून गेल्या तोच भाग तुम्ही कापायला निघालात."

"नाही," ते शांतपणे म्हणाले. "रामकुंडात अस्थी विरघळतात. पुढे जात नाहीत."

बाहेरच्या वाचकाला सांगते, ही नाशिकची श्रद्धा आहे. त्या कुंडात अस्थी टाकल्या की पाणी होतात असं इथे सगळे मानतात, माझ्या घरीही मानत. पण त्या दिवशी मला प्रथमच कळलं की आपण शतकानुशतकं काय शिकलोय. आपण सोडलेलं काहीच पुढे जात नाही. अस्थी जात नाहीत, निर्माल्य जात नाही, गटाराचं पाणी जात नाही, कारखान्यांचं तर नाहीच. आप्पांची नदी खरोखरच घाटाच्या खालच्या पुलापर्यंत होती. त्यांनी मला कंदकुर्तीपर्यंत नदी ठेवू दिली हा त्यांच्या हिशेबाने मोठेपणाच होता.

मी कापणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी सुतार आणला. मॉडेल त्यांच्या मालकीचं होतं, करार तसा होता, मला अडवता येईना. सुताराने पेन्सिलने रेघ मारली आणि यंत्राची करवत लावली. प्लायचे थर, मध्ये लगदा, वर प्लास्टर. असं काही कापताना दोन्ही बाजू सुटतात आणि तडे जातात. मल्लेश पुढे झाला. "मी धरतो," म्हणाला. "नाई तर तडकंल." त्याने पूर्वेकडचा भाग दोन्ही हातांनी वर उचलून धरला, आणि त्याच्या हातांत त्याचं गाव कापून वेगळं झालं. मग त्यानेच भुसा झाडून काढला. मला त्या दिवशी आप्पांचा राग आला, सुताराचा आला, त्या दरवाजाच्या नियमाचा आला, आणि सगळ्यात जास्त राग मल्लेशच्या त्या सवयीचा आला. अशी माणसं आपलंच घर पाडताना भिंत पडून कोणाला लागू नये म्हणून आधार देऊन उभी राहतात, आणि आपण त्याला गुणी कामगार म्हणतो.

मी समितीकडे दोन गोष्टी मागितल्या. माझं नाव काढा आणि कापलेला तुकडा मला द्या. दोन्ही लगेच मिळालं.

दालन उघडलं. मी नंतर एकदा कोणाला न सांगता जाऊन आले. काचेचा कठडा, त्यावर पाटी: हात लावू नये. त्र्यंबकपासून मनगटाएवढं पाणी धबधबा खाली येतं, निळंशार. नाशिकपाशी कारंजं. नांदेडच्या पुढे नदी सरळ कापलेल्या कडेवरून खाली पडते ती एका प्लास्टिकच्या टबात, आणि टब दिसू नये म्हणून पुढे साटीनचा पडदा. तिथून पंप ते पाणी परत त्र्यंबकला नेतो. म्हणजे नाशिकचं पाणी नाशिकलाच. कोणाला नको आहे असं?

मी असतानाच एक घोळका आला. केसांत फुलं माळलेल्या बायका, एकदोन म्हातारे. त्यातल्या एका बाईने काचेच्या बाजूबाजूने चालत येत विचारलं, "राजमंड्री एक्कड?" राजमहेंद्री कुठे, एवढं मलाही कळलं. तिथला माहिती देणारा हिंदीत म्हणाला, "गोदावरी यहाँ तक है, माताजी. आगे समुंदर में जाती है." ती बाई थोडा वेळ गोंधळून उभी राहिली. मग तिने सोबतच्या म्हाताऱ्याला हाताने दाखवलं, साधारण इथे असेल आपलं. तिचं बोट कठड्याच्या पुढे, पडद्याच्या वर, मोकळ्या हवेत होतं. नंतर तिने नदीला नमस्कार केला आणि घोळका पुढे गेला. मी बाहेर येऊन घाटाच्या पायरीवर बसले आणि तिथे एवढी माणसं नसती तर ओरडलेच असते.

मल्लेशची आई घरी वाट बघत होती. दालन उघडलं हे तिला शेजाऱ्यांकडून कळलं होतं, आणि मुलगा आज नेतो, उद्या नेतो करत होता. शेवटी तो माझ्याकडे आला. "अम्माला इथं आणू का?" त्याने विचारलं. त्या कामानंतर मी धंदा बंद केला होता, यंत्रं विकली होती. शेड तेवढी सोडली नव्हती, कारण तो तुकडा घरात मावत नाही आणि टाकायचा कुठे?

रविवारी दुपारी तो तिला रिक्षाने घेऊन आला. बारीक, ताठ बाई. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. मल्लेशने तिचा हात धरून टेबलावर ठेवला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाला. तिने दोन्ही तळवे आधी सगळ्या तुकड्यावरून फिरवले, आंधळी माणसं अनोळखी चेहऱ्यावरून फिरवतात तसे. मग बोटं आपोआप खोलगट भागात उतरली आणि काठाकाठाने सरकायला लागली. घळीत गेली, बाहेर आली, मागे फिरली. जिथे दोन नद्या भेटतात तिथे थांबली. "प्राणहिता," ती म्हणाली. थोडं वर सरकली. मोहरीच्या दाण्यावर बोट आलं तसं तिने ते उचललं नाही. अंगठ्याने त्या दाण्याभोवती गोल गोल चाचपत राहिली. मल्लेश भिंतीकडे तोंड करून उभा होता.

बऱ्याच वेळाने ती परत संगमावर आली आणि या वेळी गोदावरीच्या वरच्या अंगाला निघाली. पश्चिमेकडे. सावकाश, बोटाने वळणं मोजल्यासारखी. आणि करवतीच्या काठावर येऊन तिचं बोट खाली घसरलं. प्लायची कापलेली कड लागली असेल. तिने परत वर आणून पाहिलं. परत घसरलं.

"इथून वर कुठं गेली?" तिने मला विचारलं. माझ्याशी मराठीत बोलली.

"तो भाग नाशिकला ठेवलाय, आजी," मी म्हणाले.

तिचा चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेला वळला. बोट कापलेल्या कडेवर तसंच होतं.

"मंग आपण कुठं आहो?"